१९६३ चा गोवा: मगो सोळा, युनायटेड गोवन्स बारा, आणि या आकड्यांतून काढलेला चुकीचा अर्थ

प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबर १९६३ मध्ये गोवा-दमण-दीवच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने (मगो) युनायटेड गोवन्सला मागे टाकून सत्ता घेतली. पक्षाचा जाहीर कार्यक्रमच महाराष्ट्रात विलीन होण्याचा होता. तरीही जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात त्याच गोव्याने विलीनीकरण नाकारलं, आणि पुढच्या अडीच महिन्यांत पुन्हा मगोलाच निवडून दिलं. लोकांनी मत बदललं, की पहिल्या निकालाचा अर्थच चुकीचा लावला गेला होता?

मी तीसेक वर्षं गोव्यातल्या मराठी वृत्तपत्रांत काढली आणि त्यातली बरीचशी निवडणुकीच्या तक्त्यांसमोर गेली. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या निकालाचा अर्थ चुकला. काही लोकांनी मतही बदललं, पण आपण समजतो तितक्यांनी नाही. हे नीट कळायचं तर आधी ती निवडणूक कुठल्या मातीत झाली ते पाहावं लागेल.

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज सत्ता संपली आणि ९ डिसेंबर १९६३ ला मतदान झालं, म्हणजे मध्ये दोन वर्षंही गेली नव्हती. आधी लष्करी राज्यपाल म्हणून मेजर जनरल कँडेथ, मग नायब राज्यपाल. १९६३ च्या केंद्रशासित प्रदेश कायद्याने तीस जणांची विधानसभा मिळाली: गोव्याच्या २८, दमणची एक, दीवची एक. सालाझारच्या राजवटीत मतदान ही मोजक्यांची गोष्ट होती. आता भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, एक मत आणि त्याच्या भाटात झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराचंही एकच मत. त्या काळातल्या माणसांशी बोलताना मला एक गोष्ट सतत जाणवली. पक्ष, जाहीरनामा, नेता यांच्याआधी त्यांना आठवायचं ते हे, की रांगेत भाटकार आपल्या मागे उभा होता.

बाहेरच्या वाचकांसाठी दोन शब्द उलगडून सांगतो. कूळ म्हणजे दुसऱ्याची शेतजमीन कसून खंड देणारा. मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेला. घर त्याच्या हातचं, पण जमीन भाटकाराची. भाटातल्या माडांवर लक्ष ठेवायचं, कामाला हाक आली की जायचं, आणि खटका उडाला तर चंबूगबाळं आवरून निघायचं. माझे आजोबा बार्देशात एका भाटकाराचे कूळ होते. मळणी झाली की खळ्यावर भाटकाराचा माणूस बसायचा, कुडवाने भात मोजायचा, आणि त्याचा वाटा उचलून झाल्यावर घरचं भात घरी यायचं. आजोबांना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून किती कुडव गेले याच्या खुणा ते कोळशाने भिंतीवर करत. ती भिंत मी लहानपणी पाहिली आहे. १९६३ ची निवडणूक मला नेहमी त्या भिंतीवरून समजते.

याच्या जोडीला देवळं होती. महाजनकीच्या याद्या पोर्तुगीज काळातच कायद्याने नोंदवल्या गेल्या होत्या. कोण महाजन, कुणाला मान, कुणी फक्त सेवा करायची हे कागदावर बांधलेलं होतं. राबणाऱ्या बहुजन समाजाला शेतात हक्क नाही, देवळात मान नाही आणि गावात शाळा नाही, अशी अवस्था होती. पोर्तुगीज गेले तरी यातलं काही आपोआप गेलं नाही.

काँग्रेसला हे दिसलं नाही, असं मी म्हणणार नाही. दिसलं, पण पक्षाने त्याचं वजन ओळखलं नाही. देश स्वतंत्र केलेला पक्ष, नेहरूंचं नाव, दिल्लीत सरकार. गोव्यात आपण सहज येऊ असं काँग्रेसवाले धरून चालले होते. मे १९६३ मध्ये नेहरू स्वतः गोव्यात येऊन गेले. पण गावात काँग्रेस म्हणून जे चेहरे दिसायचे, ते बहुतेक वजनदार घराण्यांतले आणि जमीनवाले होते. त्यातले काही मुक्तिसंग्रामात खरोखर झिजलेले होते, हे विसरू नये. मुंडकाराला मात्र त्यांच्यात भाटकारच दिसला. शिवाय विलीनीकरणावर पक्ष दोन तोंडांनी बोलत होता. महाराष्ट्रातले काँग्रेसजन गोवा आपल्यात यावा म्हणत, तर दिल्ली म्हणे गोव्याचं वेगळेपण जपू आणि पुढचं पुढे पाहू. मतदाराने काँग्रेसला मत दिलं तर ते कशाला दिलं, हे त्यालाच कळत नव्हतं.

ती पोकळी दोन नव्या पक्षांनी भरली. दोघांचा जन्म निवडणुकीच्याच वर्षातला. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे नेते दयानंद बांदोडकर, म्हणजे सगळ्या गोव्याचे भाऊ, खाणमालक होते. गोमंतक मराठा समाजातून, म्हणजे देवळाच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या समाजातून ते वर आले होते. अनेकांना कोडं पडतं, की खाणमालक माणूस कुळांचा नेता कसा झाला? उत्तर फार अवघड नाही. भाऊंची संपत्ती जमिनीच्या खंडावर उभी नव्हती. कूळकायदा आणल्याने त्यांचं स्वतःचं फारसं जाणार नव्हतं, आणि अपमान कसा असतो ते त्यांना घरातून माहीत होतं. प्रचाराला पैसा होता आणि तो कुठल्याही भाटकाराच्या दारातून आणावा लागला नाही. सिंह हे चिन्ह, मराठी ही भाषा आणि महाराष्ट्र हे आश्रयस्थान. मराठी ही गोव्यातल्या हिंदू घरांत कीर्तनाची, पोथीची, नाटकाची भाषा होतीच. महाराष्ट्रात कूळकायदा झाला आहे आणि बहुजनांचं राज्य आहे, ही गोष्ट गावोगाव पोचवली गेली. त्या प्रचारात ‘महाराष्ट्र’ हा शब्द एका राज्याचं नाव म्हणून कमी आणि ‘भाटकाराच्या वरचं कुणीतरी’ या अर्थाने जास्त वापरला जात होता, असं माझं पक्कं मत आहे.

दुसऱ्या बाजूला युनायटेड गोवन्स. नाव सांगतं तसं, अनेक छोटे गट एकत्र येऊन हा पक्ष झाला आणि डॉ. जॅक सिक्वेरा त्याचे नेते झाले. गोवा वेगळा राहावा आणि पुढे त्याचं स्वतंत्र राज्य व्हावं, कोंकणी आमची भाषा, ही त्यांची भूमिका. पक्षाचा कणा ख्रिस्ती समाजाचा. कारण उघड होतं. १९६० च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे ५ लाख ९० हजार होती आणि त्यात ख्रिस्ती तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त. सुमारे चार कोटींच्या महाराष्ट्रात तो समाज कुठल्या कुठे विरघळून जाईल, ही भीती खरी होती आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आम्ही मराठीवाल्यांनी तेव्हा ती पुष्कळदा हसण्यावारी नेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता निकाल. मगोचे स्वतःचे १४ आणि मित्र धरून १६. युनायटेड गोवन्सचे १२. काँग्रेसला तीसपैकी एक जागा, तीही दमणची. गोव्याच्या २८ मतदारसंघांत काँग्रेसचा एकही माणूस आला नाही. ज्या पक्षाने लोकसभेच्या तिन्ही निवडणुका सहज जिंकल्या होत्या, तो इथे पहिल्याच फेरीत बाजूला पडला आणि मैदानात दोनच पक्ष उरले. २० डिसेंबरला भाऊ मुख्यमंत्री झाले. ते स्वतः त्या निवडणुकीला उभेच नव्हते. नंतर मडकईतून पोटनिवडणूक लढवून ते सभागृहात आले. ९ जानेवारी १९६४ ला पणजीच्या आदिलशहाच्या राजवाड्यात विधानसभेची पहिली बैठक भरली. गोव्यात अजून तो दिवस आमदार दिन म्हणून पाळतात.

इथे थोडा वेळ आकड्यांपाशी थांबू, कारण खरी गोम इथेच आहे.

नकाशा घ्या आणि जुन्या काबिजादी नि नव्या काबिजादी वेगवेगळ्या रंगवा. तिसवाडी, बार्देश, सासष्टी आणि मुरगाव हा पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतलेला भाग. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा अठराव्या शतकात त्यांच्याकडे गेलेला भाग. पहिल्या भागात ख्रिस्ती वस्ती दाट, दुसऱ्यात हिंदू वस्ती फार मोठी. युनायटेड गोवन्सची ताकद सासष्टी आणि आजूबाजूला एकवटलेली होती. तिथे त्यांचे उमेदवार नुसते जिंकत नसत, ढिगाने मतं घेऊन जिंकत. पण एका मतदारसंघात दोन हजारांनी जिंका की दोनशेंनी, आमदार एकच येतो. वरची सगळी मतं सभागृहाच्या दृष्टीने वाया जातात. मगोची मतं उलट नव्या काबिजादींत आणि बार्देशाच्या काही भागांत पसरलेली होती. तिथे तिरंगी, चौरंगी लढती झाल्या. समोरची मतं काँग्रेस, अपक्ष आणि युनायटेड गोवन्स यांच्यात फुटली आणि सिंह पुढे निघून गेला. मगोला मिळालेली मतं एकूण मतांच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास होती. निम्म्यांहून जास्त मतदारांनी मगोला मत दिलेलं नव्हतं.

यात गैर काही नाही. आपल्या पद्धतीत सरकार असंच येतं. चाळीस टक्क्यांवर पूर्ण बहुमताची सरकारं आपल्या देशात पुष्कळ आली आहेत आणि त्यांनी चांगला कारभारही केला आहे. अडचण तेव्हा येते, जेव्हा सरकार चालवायला मिळालेलं बहुमत एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून वापरलं जातं. मतपत्रिकेवर उमेदवार होते आणि चिन्हं होती. विलीनीकरण हवं की नको, हे तिच्यावर छापलेलं नव्हतं. कुळाने सिंहावर शिक्का मारला तो कूळकायद्यासाठी असेल, शाळेसाठी असेल, भाऊंसाठी असेल किंवा भाटकाराला धडा शिकवायचा म्हणून असेल. विलीनीकरणासाठीही असेल. एका शिक्क्यातून हे सगळं वेगळं काढता येत नाही.

भाऊंच्या सरकारने मात्र पहिलं काम अचूक ओळखलं. १९६४ मध्ये कूळकायदा झाला. खंडावर मर्यादा आली आणि कुळाला मनमानी काढता येणार नाही असं झालं. पाठोपाठ गावागावांत मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी पाटी हातात धरली नव्हती, त्यांची मुलं शाळेत बसली. त्यांतलाच मी एक. म्हणून भाऊंबद्दल लिहिताना मी तटस्थ असल्याचा आव आणत नाही. त्यांनी माझ्या घराला अक्षर दिलं.

आणि याच यशाने विलीनीकरणाच्या मागणीची धार बोथट केली, असं मला वाटतं. हा धागा फार कमी लोक धरतात. १९६३ मध्ये कुळाला वाटत होतं की भाटकारापासून सुटायचं तर महाराष्ट्रात जायला हवं. १९६४ नंतर त्याला दिसलं की कायदा तर पणजीतच झाला. ज्या आमदाराने तो केला तो शेजारच्या गावचा, सायकलवरून फिरणारा, नावाने ओळखणारा. मग मुंबईची गरज काय?

हे नुसतं भावनेचं नाही, साधा हिशेबही करून पाहा. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख होती आणि १९६२ च्या विधानसभेत २६४ जागा. म्हणजे एका आमदारामागे सुमारे दीड लाख लोक. त्या मापाने गोव्याच्या वाट्याला चार आमदार आले असते. आता तिथे २८ होते. १९६७ च्या यादीवरून गोव्यात एका आमदारामागे चौदा हजारांच्या आतच मतदार पडत होते. ज्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा आपला आमदार पाहिला आहे, त्याला ‘२८ चे चार करू’ हे पटवून देणं अवघड होतं.

सरकारचा अंदाज वेगळा होता. जानेवारी १९६५ मध्ये विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव बहुमताने केला. सोळा-बाराच्या सभागृहात तो होणारच होता. डॉ. सिक्वेरांनी तिथे जो मुद्दा धरला, तो मला त्या सगळ्या लढ्यातला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांचं म्हणणं होतं की सभागृहाचं बहुमत सरकारसाठी आहे; गोव्याचं अस्तित्वच ठरवायचं असेल तर थेट लोकांना विचारा. हा आग्रह घेऊन ते दिल्लीत पुन्हा पुन्हा गेले. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. सत्तेवरच्या पक्षाच्या देखरेखीखाली कौल नको, ही मागणीही मान्य झाली. भाऊंनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. हा राजीनामा देणं सोपं नव्हतं आणि भाऊंनी तो दिला, हेही नोंदवलं पाहिजे.

कौलाची मतपत्रिका साधी होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. प्रचारात मात्र दोन्ही बाजूंनी रान उठवलं. मुंबईहून मराठी नेते, लेखक, शाहीर आले. ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने उभं राहिलं. विरोधी बाजूचं सर्वांत धारदार लेखन ‘राष्ट्रमत’मध्ये, म्हणजे मराठी दैनिकातच येत होतं आणि उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लोक गटाने जमून वाचत. मराठी वाचणाऱ्या हिंदू घरात ‘वेगळे राहू’ हा विचार मराठीतूनच पोचला. मराठी म्हणजे विलीनीकरण आणि कोंकणी म्हणजे वेगळं राहणं, अशी सरळ वाटणी प्रत्यक्षात नव्हती.

विरोधाची कारणं घरोघर वेगळी होती. महाराष्ट्रात दारूबंदी होती. ती इथे आली तर माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढणाऱ्या रेंदेराने खायचं काय? काजूच्या भट्टीचं काय? आमच्या वाड्याशेजारी एक रेंदेर कुटुंब होतं. त्या घरातल्या थोरल्याने उभ्या आयुष्यात राजकारणाचा शब्द काढला नव्हता, पण त्या महिन्यात तो संध्याकाळी घरोघर जाऊन बसायचा. नोकऱ्यांचंही होतं. मुक्तीनंतर सरकारी खात्यांत बाहेरून पुष्कळ माणसं आली होती. विलीन झालो तर सगळ्या जागा तिकडून भरतील, ही सुशिक्षित हिंदू तरुणाची धास्ती होती. तालुक्याचं ठिकाण होऊन बसू, ही पणजी-मडगावच्या व्यापाऱ्याची. ख्रिस्ती समाजाची भीती वर सांगितलीच आहे.

१६ जानेवारी १९६७ ला कौल झाला. यादीत ३,८८,४३२ मतदार होते आणि ३,१७,६३३ जणांनी मत दिलं, म्हणजे जवळपास ८२ टक्के. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येऊ. ‘मगोच्या मतदारांनी विलीनीकरणाकडे पाठ फिरवली’ हे वाक्य तुम्ही शेकडो लेखांत वाचलं असेल. वैध मतांत फुलाचा वाटा काढा. तो साडेचव्वेचाळीस टक्के येतो. १९६३ मध्ये मगोकडे चाळीसच्या आसपास मतं होती. म्हणजे फुलाला मगोपेक्षा किंचित जास्तच पाठिंबा मिळाला. जुन्या काँग्रेसच्या आणि अपक्षांच्या मतांतून काही फुलाकडे आली असणार. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या भागांनी फुलाला साथ दिली. विलीनीकरणवाल्यांचा किल्ला ढासळला, असं आकडे सांगत नाहीत. फरक एवढाच पडला की या वेळी समोरची मतं फुटायला जागा नव्हती. दोनच चिन्हं आणि सगळा गोवा मिळून एकच मतदारसंघ. सासष्टीतलं जे मताधिक्य १९६३ मध्ये वाया गेलं होतं, त्यातलं प्रत्येक मत आता पेडण्यातल्या मताच्या बरोबरीने मोजलं गेलं. १९६३ मध्ये जी साठ टक्के मतं तीन-चार ठिकाणी विखुरली होती, त्यांतली बहुतेक एका बाजूला गोळा झाली.

त्या आकड्यांच्या आत माणसं इकडची तिकडे गेली, हेही खरं. तशी किती गेली हे कुणालाही नेमकं सांगता येणार नाही, कारण मतपेटी नाव लिहून ठेवत नाही. पण गेली, हे मला माझ्या घरावरून माहीत आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

त्याच वर्षी मार्चच्या अखेरीस विधानसभेची निवडणूक झाली. मगो १६, युनायटेड गोवन्स १२, अपक्ष दोन. भाऊ पुन्हा मुख्यमंत्री. मगोची मतं पुन्हा चाळीसच्याच घरात. दरम्यान युनायटेड गोवन्समध्ये फूट पडली होती. सिक्वेरा गट आणि फुर्तादो गट वेगळे लढले आणि बाराच्या बारा जागा सिक्वेरा गटाच्या आल्या. कौल जिंकलेला पक्ष सत्तेपर्यंत का पोचला नाही, याचं कारण मला तरी सरळ दिसतं. वेगळं राहायचं हे ठरून गेल्यावर नव्या काबिजादीतल्या दोन पानांच्या हिंदू मतदाराला युनायटेड गोवन्सची गरज उरली नाही. आता प्रश्न उरला होता कारभार कुणी करायचा याचा. त्याचं उत्तर शाळा आणि कूळकायदा हे होतं.

ही दोन पक्षांची रचना १९६३ ला बसली ती सत्तरच्या दशकापर्यंत टिकली. १९७२ मध्ये मगोचे १८ आले आणि युनायटेड गोवन्सचे १०. १२ ऑगस्ट १९७३ ला भाऊ गेले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा त्यांच्याच काळातला, १९७५ चा. ज्या मुंडकाराने १९६३ ला भाटकाराच्या पुढे उभं राहून शिक्का मारला होता, त्याला घराखालच्या जमिनीबद्दल निर्धास्त व्हायला बारा वर्षं लागली. युनायटेड गोवन्स हळूहळू विरला आणि त्याची माणसं काँग्रेसकडे सरकली. १९८० मध्ये मगो सातवर आला आणि तिथून दोन पक्षांचा जुना तोल कायमचा गेला. गोवा राज्य झालं ते ३० मे १९८७ ला.

तुम्ही जुन्या निकालांवर काम करणार असाल तर एकच सांगणं आहे. जागांचा तक्ता शेवटी उघडा. आधी तालुकावार मतं लिहून काढा आणि प्रत्येक मतदारसंघात जिंकलेल्याला किती आणि बाकी सगळ्यांना मिळून किती हे शेजारी शेजारी मांडा. मी पहिल्यांदा तसं केलं तेव्हा कागदावर दुसरा रकाना पहिल्यापेक्षा मोठा होत गेला आणि इतकी वर्षं आपण वर्तमानपत्रात ‘विलीनीकरणाचा कौल’ असं लिहीत आलो त्याची लाज वाटली.

आता घरची गोष्ट. माझी आजी, वर सांगितलेल्या कुळाची बायको, तिन्ही वेळा मत द्यायला गेली. डिसेंबर १९६३ ला सिंह, जानेवारी १९६७ ला दोन पानं, मार्चमध्ये पुन्हा सिंह. तिचा धाकटा भाऊ फुलाचा कट्टर प्रचारक होता. कौलानंतर आठवडाभर तो घरी जेवला नाही. मी कळता झाल्यावर तिला विचारलं, आजी, असं का केलंस? ती भात पाखडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, ‘‘भाऊंनी जमिनीचा कायदा पणजीत बसून केला ना? मग भाऊंना मुंबईला कशाला पाठवायचं?’’